साइनचं दुसरं उत्तर कुठून येतं? त्रिकोणमितीय समीकरणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापुरात अकरावी-बारावीच्या मुलांना गणित शिकवताना दरवर्षी नोव्हेंबरच्या सुमारास मला तेच ते प्रश्न येतात. मधल्या बाकावरून एकजण शेजाऱ्याला हळूच विचारतो, "काय बे, हे दीडशे कुठून आलं?" शेजाऱ्यालाही ठाऊक नसतं. ही उत्तरं त्या दोघांसाठी. कोन बहुतेक ठिकाणी अंशातच ठेवलेत. अज्ञात कोनाला 'क्ष' म्हटलंय. 'न' म्हणजे कुठलाही पूर्णांक, म्हणजे ऋण किंवा शून्यही चालेल.

साइन क्ष = १/२ ला कॅल्क्युलेटर ३०° एवढंच उत्तर देतो. पुस्तकात १५०° पण आहे. चूक कोणाची?

कोणाचीच नाही. इन्व्हर्सचं बटण दाबलं की यंत्राने एकच आकडा दाखवायचा, असा नियम ठरलेला आहे. साइनसाठी तो आकडा −९०° ते ९०° मधला असतो. कोसाइनसाठी ०° ते १८०° मधला, टॅनसाठी पुन्हा −९०° ते ९०° मधला. कॅल्क्युलेटर तुम्हाला दाराशी सोडतो, घरातल्या बाकीच्या खोल्या आपण उघडायच्या. बोर्डाच्या पेपरात तर तो सोबतही नसतो.

काम तीन पायऱ्यांत होतं. पहिलं उत्तर तक्त्यातून किंवा पाठांतरातून काढायचं. दुसरं सममितीतून, म्हणजे आरशातून. आणि उरलेली सगळी आवर्तितेतून, म्हणजे आलेख ठरावीक अंशांनी स्वतःची नक्कल करतो त्यातून. माझ्याकडे येणारी निम्मी मुलं मधली पायरी गाळतात आणि थेट ३६०° मिळवत सुटतात. मग ३०°, ३९०°, ७५०° अशी अर्धीच उत्तरं हाती लागतात.

१८०° − क्ष हे सूत्र पाठ करायचं का?

नको. साइनचा आलेख काढा. ०° ला शून्य, ९०° ला टेकडीचा माथा, १८०° ला पुन्हा शून्य. आता माथ्यावरून सरळ खाली रेघ मारा आणि कागद त्या रेघेवर दुमडा. डावा उतार उजव्या उतारावर नेमका बसतो. ३०° हा कोन ९०° च्या ६०° अलीकडे आहे, म्हणून त्याचा जोडीदार ९०° च्या ६०° पलीकडे, म्हणजे १५०°. १८०° − ३०° मधले १८० म्हणजे आरशाच्या जागेची दुप्पट, दुसरं काही नाही.

कोसाइनचा माथा ०° वर आहे, म्हणून त्याचा आरसा ०° वर. ६०° चा जोडीदार −६०°. वजाचं चिन्ह नको असेल तर ३०० अंश म्हणा. आरशाची जागा बदलली की सूत्र बदलतं. 'साइनला १८० मधून वजा, कोसाइनला ३६० मधून वजा' अशी घोकंपट्टी ऐन परीक्षेत उलटसुलट होते. दुमडलेला कागद होत नाही.

आणि टॅन?

टॅनला उभा आरसा नाही. टॅन (१८०° − क्ष) हे वजा टॅन क्ष असतं, त्यामुळे टॅन क्ष = १ ला १३५° लिहिलंत की गेला मार्क. पण टॅन दर १८०° ला स्वतःची नक्कल करतो, म्हणून ४५° नंतर थेट २२५°. इथे दुसऱ्या पायरीची गरजच पडत नाही.

आवर्तिता म्हणजे नेमकं काय? 'दर ३६०° ला तेच' एवढंच?

एवढंच म्हटलं तरी चालतं. पण त्यात एक गंमत आहे, ती दाखवल्याशिवाय मला पुढे जाववत नाही.

घरातली सोलापुरी चादर पलंगावर पसरा. जॅकार्ड मागावर विणलेल्या चादरींमध्ये पुष्कळदा असं दिसतं: एक मोर उजवीकडे तोंड करून, त्याच्या शेजारी तसाच दुसरा डावीकडे तोंड करून, मध्ये फुलाची कुंडी. मग पुन्हा ती जोडी, पुन्हा ती जोडी. दोन मोरांच्या मधली उभी रेघ हा एक आरसा. ही जोडी जिथे संपते आणि पुढची सुरू होते तिथेही दोन मोर पाठीला पाठ लावून असतात, तो दुसरा आरसा. आता बोट एका मोरावर ठेवा. पहिल्या आरशातून पलीकडे न्या, मोर उलटा झाला. दुसऱ्या आरशातून न्या, मोर पुन्हा सुलटा झाला, फक्त एक अख्खी जोडी पुढे सरकला. म्हणजे शेजारच्या दोन आरशांमधल्या अंतराची दुप्पट झाली की नक्षी पुन्हा तीच.

साइनचे आरसे ९०° वर (माथा) आणि २७०° वर (दरी). मधलं अंतर १८०°, दुप्पट ३६०°. आकड्यांत पाहा. ३०° घ्या. ९०° च्या आरशात तो १५०° होतो. २७०° चा आरसा कुठल्याही कोनाला ५४०° मधून वजा करतो, म्हणून १५०° चा ३९०° झाला. ३९० म्हणजे ३० अधिक ३६०. दोन आरसे लागोपाठ वापरले आणि आवर्त आपोआप हातात पडलं. साइनच्या बाबतीत सममिती आणि आवर्तिता ही दोन वेगळी प्रकरणं नाहीत, हे वर्गात कोणी सांगत नाही याचं मला नवल वाटतं.

जनरल सोल्यूशनमधला तो (−१) चा न वा घात कशाला? भीती वाटते त्याची.

जनरल सोल्यूशन म्हणजे सगळी उत्तरं सांगणारं सूत्र. दोन ओळींची एक ओळ करण्याच्या हौसेतून तो घात आला. साइन क्ष = साइन अ असेल ('अ' म्हणजे हाती आलेलं पहिलं उत्तर) तर खरं उत्तर दोन कुटुंबांत येतं:

क्ष = अ + ३६०° × न
क्ष = १८०° − अ + ३६०° × न

पुस्तकवाल्यांनी दोन्ही एकत्र करून क्ष = १८०° × न + (−१)ⁿ × अ असं लिहिलं. न सम असेल तर पहिलं कुटुंब, विषम असेल तर दुसरं. तपासून पाहा: न = १ ला १८०° − अ, न = २ ला ३६०° + अ. बोर्डाच्या उत्तरपत्रिकेत शेवटची ओळ सूत्राच्या रूपात लिहा, पण विचार दोन कुटुंबांतच करा. कोसाइनचं क्ष = ३६०° × न ± अ, टॅनचं क्ष = १८०° × न + अ. या दोन्हींत लपवाछपवी नाही.

प्रिन्सिपल सोल्यूशन म्हणजे कॅल्क्युलेटरवालं उत्तर ना?

राज्य मंडळाच्या बारावीच्या पुस्तकात नाही. तिथे ०° पासून ३६०° पर्यंतच्या (३६०° सोडून) सगळ्या उत्तरांना प्रिन्सिपल सोल्यूशन म्हणतात. म्हणून साइन क्ष = −१/२ ला २१०° आणि ३३०° अशी दोन लिहायची. बटण दाबलं तर −३०° येतं. ते या पट्ट्यातच नाही, त्याला ३६०° मिळवून आत आणायचं. दुसरं आरशातून: १८०° − (−३०°) = २१०°.

हे सगळं परीक्षेपुरतंच का? प्रत्यक्षात कुठे लागतं?

गच्चीवर लागतं. सोलापुरात वर्षातून दोन दिवस असे येतात की भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर असतो आणि सरळ उभ्या वस्तूची सावली तिच्याच पायाखाली नाहीशी होते. शून्य सावलीचा दिवस. तो कधी येतो हे शोधणं म्हणजे एक साइन समीकरण सोडवणं.

सूर्य विषुववृत्ताच्या किती अंश उत्तरेला किंवा दक्षिणेला आहे त्याला क्रांती म्हणतात. अदमासे सूत्र असं: क्रांती = २३.४५° × साइन (३६०/३६५ × (द − ८१)). 'द' म्हणजे वर्षातला कितवा दिवस. १ जानेवारीला द = १. द = ८१ म्हणजे २२ मार्च, तिथे क्रांती शून्य. सोलापूरचा अक्षांश साधारण १७.६६° उत्तर. क्रांती तेवढी झाली की सूर्य आपल्या डोक्यावर.

म्हणून साइन (…) = १७.६६ ÷ २३.४५ = ०.७५३. कॅल्क्युलेटर सांगतो ४८.९°. ३६५/३६० ने गुणून दिवस करा, साडेएकोणपन्नास. त्यात ८१ मिळवा, १३०.५ आले. वर्षाचा १३० वा दिवस १० मे. म्हणजे १० किंवा ११ मे.

इथे जो थांबला त्याचा ऑगस्ट बुडाला. आरशातलं उत्तर १८०° − ४८.९° = १३१.१°. त्याचे दिवस जवळपास १३३, अधिक ८१ म्हणजे २१४ वा दिवस: २ ऑगस्ट. आरसा कुठे उभा आहे? ९०° वर, म्हणजे द = १७२, २१ जून. वर्षातला सर्वात मोठा दिवस. १० मे त्याच्या साधारण ४२ दिवस अलीकडे, २ ऑगस्ट ४२ दिवस पलीकडे. आणि आवर्त ३६५ दिवसांचं, म्हणून पुढच्या वर्षी पुन्हा तेच. पृथ्वीची कक्षा अगदी गोल नसल्याने तारखेत एखाद्या दिवसाचा फरक पडू शकतो, तेवढा सोडून द्या.

मेमध्ये मी मुलांना गच्चीवर नेते. साडेबाराच्या जरा आधी, १२ वाजून २२-२३ मिनिटांनी. घड्याळातले बारा नव्हेत, कारण भारताची प्रमाणवेळ ८२.५° रेखांशाची आणि आपण ७५.९° वर. स्टीलची पाण्याची बाटली फरशीवर उभी करायची. आधी तिच्या बुडाशी नखाएवढी सावलीची कड दिसते, मग ती बारीक होत जाते आणि एका मिनिटासाठी बाटली हवेत चिकटवल्यासारखी दिसते. तळपायाला चटके बसत असतात, तरी कोणी हलत नाही. ऑगस्टचं उत्तर मात्र आम्हाला अजून एकदाही धड पाहता आलेलं नाही, दर वेळी ढग आडवे येतात. म्हणून ते उत्तर खोटं ठरत नाही.

काही समीकरणांना उत्तरच नसतं, ते कसं ओळखायचं?

साइन आणि कोसाइन −१ ते १ च्या बाहेर जात नाहीत. दिल्लीचा अक्षांश २८.६°, भागिले २३.४५, म्हणजे एकाहून जास्त. उत्तर नाही. दिल्लीत सूर्य कधीच डोक्यावर येत नाही. नागपूर २१.१° वर, तिथे दोन्ही तारखा जवळ सरकतात: मेअखेर आणि जुलैच्या मध्यावर. आणि बरोबर कर्कवृत्तावरच्या गावात साइन (…) = १ होतं. तिथे आरशाच्या दोन्ही बाजूंची उत्तरं एकमेकांत मिसळतात आणि वर्षाला एकच दिवस उरतो, २१ जून. साइन क्ष = १ ला एका आवर्तात एकच उत्तर का, याचं याहून चांगलं चित्र मला ठाऊक नाही.

साइन ३क्ष = १/२. मी १०° आणि ५०° लिहिलं, मॅडमनी सहापैकी चार उत्तरं गेली म्हणून सांगितलं.

ती मॅडम मीच असेन कदाचित. भागाकार फार लवकर केलास. आधी आवर्त मिळवायचं, मग भागायचं.

३क्ष = ३०° + ३६०° × न, किंवा ३क्ष = १५०° + ३६०° × न.
आता तीनने भागा: क्ष = १०° + १२०° × न, किंवा क्ष = ५०° + १२०° × न.

०° ते ३६०° मध्ये: १०°, ५०°, १३०°, १७०°, २५०°, २९०°. कोनाला तीनने गुणलं की लाट तिप्पट दाट होते, आवर्त १२०° वर येतं, उत्तरंही तिप्पट. लिहिण्याआधीच सांगता आलं पाहिजे की 'सहा येणार'. सहा भरली नाहीत तर कुठेतरी गळलंय.

दोन्ही बाजूंना साइन असेल तर? उदाहरणार्थ साइन ५क्ष = साइन ३क्ष.

दोन कोनांचा साइन सारखा असेल तर एकतर ते आवर्ताने जुळतात, नाहीतर आरशाने. तिसरी वाट नाही.

आवर्ताने: ५क्ष = ३क्ष + ३६०° × न, म्हणून क्ष = १८०° × न.
आरशाने: ५क्ष = १८०° − ३क्ष + ३६०° × न, म्हणून क्ष = २२.५° + ४५° × न.

एका फेरीत दोन आणि आठ, मिळून दहा.

एका बाजूला साइन आणि दुसरीकडे कोसाइन असेल, जसं कोसाइन २क्ष = साइन क्ष, तर आधी भाषा एक करा: साइन क्ष म्हणजे कोसाइन (९०° − क्ष). मग २क्ष = ९०° − क्ष + ३६०° × न मधून ३०°, १५०°, २७०° मिळतात. दुसऱ्या चिन्हातून −९०° + ३६०° × न, म्हणजे पुन्हा २७०°. ते आधीच आलेलं आहे. तीच माणसं दोनदा मोजू नका.

साइन २क्ष = साइन क्ष मध्ये दोन्हीकडून साइन क्ष काढून टाकला तर काय बिघडतं?

०° आणि १८०° गायब होतात. मी स्वतः बारावीत असंच केलं होतं आणि दोन मार्क घालवले होते, अजून आठवतं. साइन २क्ष = २ साइन क्ष कोसाइन क्ष. साइन क्षने भागलं म्हणजे तो शून्य नाही असं तुम्ही परस्पर ठरवून टाकलं. सगळं एका बाजूला आणा, साइन क्ष सामाईक काढा: साइन क्ष × (२ कोसाइन क्ष − १) = ०. उत्तरं ०°, ६०°, १८०°, ३००°. वरच्या प्रश्नातल्या 'आवर्त की आरसा' रीतीनेही हीच चार येतात, भागाकाराचा मोहच होत नाही.

साइन क्ष + कोसाइन क्ष = १ ला वर्ग केला तर १८०° आणि २७०° ही जास्तीची येतात. वर्ग न करता?

क्षच्या जागी ९०° − क्ष घाला. साइनचा कोसाइन होतो, कोसाइनचा साइन, बेरीज तीच राहते. म्हणजे या अख्ख्या समीकरणाला ४५° वर एक आरसा आहे. ०° हे उत्तर तर डोळ्यांना दिसतंच, त्याचा जोडीदार ९०°. झालं.

पण एखादं उत्तर हुकलं नाही ना, हा प्रश्न उरतो, आणि आरसा एकटा त्याचं उत्तर देत नाही. ही बेरीज √२ × कोसाइन (क्ष − ४५°) एवढीच आहे. ४५° वर ती सर्वात मोठी, तिथून २२५° पर्यंत सतत उतरते, मग पुन्हा चढते. सतत उतरणारी रेघ एका उंचीला एकदाच भेटते, चढणारीही एकदाच. म्हणून एका फेरीत दोनच उत्तरं. पेपरात ही एक ओळ लिहिली तर तपासणाऱ्याला तुम्ही अंदाजाने मारलेलं नाही हे कळतं.

साइन २क्ष + साइन ३क्षचं आवर्त किती?

एकाचं १८०°, दुसऱ्याचं १२०°, लसावि ३६०°. साइन क्ष + साइन (√२ क्ष) ला मात्र लसावि सापडत नाही आणि ती बेरीज कधीच स्वतःची नक्कल करत नाही. साइनच्या वर्गाचं आवर्त १८०° होतं, कारण ऋण दऱ्या वर्गामुळे टेकड्या होतात.

सीईटीला उत्तरांची बेरीज विचारतात आणि कोन तक्त्यातला नसतो. तेव्हा?

तेव्हा तर कोन लागतच नाही. साइन क्ष = ०.३, ०° ते ७२०° मधल्या सर्व उत्तरांची बेरीज? पहिल्या फेरीत अ आणि १८०° − अ, बेरीज १८०°. दुसऱ्या फेरीत दोघांत ३६०°-३६०° वाढले, बेरीज ९००°. एकूण १०८०°. अ किती होता ते कोणी विचारलंच नाही. पर्याय रेडियनमध्ये असतील तर १८०° म्हणजे π, म्हणून ६π. ९० मिनिटांत ५० प्रश्न सोडवायचे असतात, तिथे असा एक प्रश्न वीस सेकंदांत सुटला की पुढच्या अवघड गणिताला श्वास मिळतो.

तक्ते फक्त ९०° पर्यंतच का छापतात?

कारण पुढचं आरसे सांभाळतात. ही काटकसर जुनी आहे. इ. स. ४९९ च्या आर्यभटीयात 'ज्या'च्या, म्हणजे साइनच्या जुन्या रूपाच्या, २४ किमतींतले फरक दिले आहेत, दर ३ अंश ४५ कलांना एक (६० कला म्हणजे एक अंश). २४ गुणिले ३ अंश ४५ कला म्हणजे नेमके ९०°. हीच 'ज्या' अरबीत 'जीबा' झाली, लिहिताना स्वर गळल्याने 'जैब' वाचली गेली, म्हणजे खिसा किंवा कपड्याचा घोळ. त्याचं लॅटिन भाषांतर 'सायनस', आणि तिथून आपल्याकडे परत आला तो साइन.

एखादं गणित सरावाला द्या, पण रोजच्या छापाचं नको.

कोल्हापुरात शून्य सावलीचा पहिला दिवस ७ मेच्या आसपास येतो. अक्षांश वापरायचा नाही, साइनचं बटण दाबायचं नाही. दुसरा दिवस कोणता?

७ मे ते २१ जून ४५ दिवस. २१ जूननंतर ४५ दिवस मोजा: ५ ऑगस्ट. तिथेही बहुधा ढगच असतील.